न्हाणीतला जास्तीचा नळ

तुमच्या घरातल्या कामात शेवटचा शब्द कोणाचा असतो: ज्याच्या हातात पाना आहे त्याचा, की जिच्या अंगावर पाणी पडणार आहे तिचा?

आमच्या अकोल्याच्या घरी अंगावर पाणी घेणारी माझी आई होती. चुलीवरचं पातेलं उतरवताना उकळतं पाणी पायावर सांडलं, महिनाभर लंगडली. म्हणून आम्ही शॉवरसाठी विजेवरचा, टाकी नसलेला हीटर आणला. वर्षं कापसाच्या पडत्या भावाची आणि भारनियमनाची; दहाला लाइन जायची. नळवाले चाचा सकाळीच आले आणि पाइप जोडता जोडता त्यांनी हीटर आणि शॉवरच्या मधोमध नळ बसवला. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा. थेंब वाया जाऊ नये म्हणून टोकाला नळ हवाच, ही साऱ्या गावाची सवय.

मी कापसाच्या भावाची पत्रकं वाटत वाढले. छापलेलं शेवटपर्यंत वाचते. हीटरच्या खोक्यातल्या कागदावर स्पष्ट होतं: गरम पाण्याची वाट कधीही बंद करू नका, नळ लावा तो थंड पाणी आत येतं त्या बाजूला.

"चाचा, हा नळ काढा. बंद राहिला तर पाणी आत कोंडून हीटर फुटेल."

"काहून वं बेटा, तीस साल झाले नळ बसवून राहिलो, अन् तू कागद दाखवून राहिली मले? टोकाले नळ नसला तं पाइपातलं पाणी टपकून जाईन."

"खाली तांब्या ठेवू."

आई टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती. "राहू दे न वं बाई. लाइन जाईन आता."

मी बटणाला पाठ लावून उभी राहिले. "जाऊ दे. हे मी चालू होऊ देणार नाही." मग पाना उचलला आणि नळाला भिडले.

"भाबी, हिच्यासाठी जावई कुठून आणसान?" चाचा हसले. नळ हलेना. पण मीही हटेना. शेवटी त्यांनी तो कागद हातभर लांब धरला, त्यावरचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि माझ्या हातातून पाना घेतला. "सरक."

नळ थंड बाजूला गेला तोवर लाइनही गेली. आई थंड पाण्यानं न्हायली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला त्याची खंत नाही.

असा हीटर तुमच्याकडे असेल, तर आजच न्हाणीत जा. सोबतच्या कागदात मनाई असूनही हीटर आणि शॉवरच्या मध्ये नळ दिसला, तर बटण बंद करा, नळवाल्याला बोलवा आणि तो नळ निघेपर्यंत दारातून हलू नका.