अक्कांनी धुतलेली काळी चांदी

अक्कांचं नाव आधी घेतो. अक्का म्हणजे आमच्या शेठची आई. त्या नसत्या तर मी जळगावच्या सराफ बाजारात टिकलो नसतो, सॅम्पल तपासणीच्या संध्याकाळीच पिशवी भरून माझ्या गावाची, हुपरीची वाट धरली असती. आता, गोंधळही त्यांनीच घातला होता म्हणा. ते पुढे येईलच.

त्या दिवशी सकाळी कारखान्यात शिरलो. टेबलावरचे तिन्ही ट्रे रिकामे. शेजारी परात. परातीत माझा सगळा सॅम्पलचा माल एकत्र, लख्ख पांढरा. मी खपून खपून काळा केलेला माल!

हे काळं करणं म्हणजे ऑक्सिडाइज. चांदी गंधकाच्या कोमट पाण्यात बुडवली की काळी पडते. वास सडक्या अंड्याचा. मग ब्रश मारून नको तिथलं काळं काढायचं, हवं तिथलं ठेवायचं. सातवीतून शाळा सुटली, पण हे काम मला येत होतं, म्हणून शेठनी एवढ्या लांबून बोलावलं. बोली साधी होती. सॅम्पल पास झालं तर नोकरी कायम, नाही तर घरी. आणि घरी धाकट्या दोघी बहिणी माझ्यावर अवलंबून.

माल परदेशी जायचा होता. मुंबईचे एजंट मेहतासाहेब आदल्या फेरीला फोटो दाखवायला लागले, तेव्हाच मला पहिला धक्का बसला होता. पोरींचे ओठ काळे, तोंडाला पांढरी पावडर, काजळ गालापर्यंत, कपडे नखशिखान्त काळे.

"साहेब, कोण वारलं यांच्यात?"

"कुणी नाही रे. फॅशन आहे. गॉथ म्हणतात."

"मग सगळा माल एकसारखा काळा करू?"

"तीच चूक करू नको. यांच्यात प्रकार आहेत."

मग त्यांनी फोटो लावून समजावलं. एक रोमँटिक. मखमल, लेस, फुगीर बाह्या, उघडा गळा, जुन्या काळची राणी जशी. तिची चांदी आजीच्या पेटीतून निघाल्यासारखी हवी, खाचेत काळी आणि वर चमकती. दुसरी पंककडची. जाळीचे फाटके मोजे, चामड्याचं जाकीट, जागोजाग पिना. तिला चमक नकोच, तव्याच्या बुडासारखं काळं. तिसरी पाद्र्यासारख्या लांब झग्यातली, कॉलर पार हनुवटीपर्यंत. तिला राखाडी. कवट्या आणि काटेरी अंगठ्या पंकच्या, एवढं कुणालाही कळेल. पण क्रॉस तिघींचे एकाच साच्यातले! फरक होता तो काळेपणात. आणि तोच धुऊन गेला होता.

मेहतासाहेब धुळ्याला गेले होते. संध्याकाळच्या एसटीने परत यायचे होते.

शेठ आले, परात बघितली. "बाळू! काय केलं हे? तुझी गाडी आजच पकड!"

तेवढ्यात वरच्या घराच्या जिन्यात अक्का उभ्या. दोंडाईच्याकडच्या, बोली तिकडचीच. हात अजून घासायच्या रांगोळीने पांढरे.

"त्यान्हावर काय वरडस? बठ्ठी चांदी मीच धोयी. काळी पडेल व्हती, म्हनीसन घासी."

"आई, ती काळीच विकायची होती!"

"काळी? कोन इकत लेस रे?"

शेठ डोकं धरून बसले. मेहतासाहेबांनी ठेवून गेलेले फोटो मी अक्कांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला.

"अरे देवा! हाई कोन्ही पोर शे? हिन्ही माय काय म्हनत व्हई?"

पण फोटो त्यांनी खाली ठेवले नाहीत. जन्मभर सुनांना, भाच्यांना दागिने घालून बघितलेली बाई. परातीतला एक क्रॉस उचलून तिसऱ्या फोटोवर धरला. साखळी लांब होती. "हिन्हा गळा झाकेल शे. आखूड साखळी कॉलरमा अडकी जाई. हाऊ हिन्हाच."

मी बघतच राहिलो. खरंच, साखळ्या तीन लांबीच्या होत्या. गळ्यालगतची जाकीटवालीची, मधली लेसवालीची, छातीवर रुळणारी झगेवालीची. काळेपणाच्या धास्तीत मला लांबी सुचलीच नव्हती. दुपारपर्यंत अक्का वेगळं करत गेल्या आणि मी बुडवत गेलो. तो वास आला की नाकाला पदर, आणि "मरो ती फॅशन!" शेठ जेवलेच नाहीत.

संध्याकाळी मेहतासाहेबांनी भिंग लावून एकेक नग बघितला. एका लेसवालीच्या क्रॉसवर थांबले. "खाचेत हे पांढरं काय?"

शेठ माझ्याकडे बघायला लागले.

"रांगोळी शे," अक्का दारातून म्हणाल्या. "मन्ही चूक. पोऱ्याले काही बोलू नका."

मेहतासाहेबांनी फुंकर मारली. पुन्हा भिंग लावलं. मग ट्रे सरकवला. "ब्रश मारून घे. बाकी पास."

मी तिथेच बसून ब्रश मारला.

धडा एवढाच घेतला, की माल मुद्दाम काळा केला असेल तर आधी घरातल्या मोठ्यांना सांगावं. तेव्हापासून ट्रे झाकतो आणि जिन्यात हाक मारून सांगतो.

अक्कांच्या पायांत अजून जुनेच, झिजलेले तोडे आहेत. माझ्या स्वतःच्या कमाईच्या चांदीचे हुपरीच्या घडणीचे नवे तोडे मी एक दिवस त्यांना घालणार आहे. पांढरेशुभ्र. आणि काळे पडले की अक्कांनी घासायचे नाहीत, मी येऊन धुऊन देईन.