समोरच्या संघातलं पोरगं : घाटनांदूर, सिरसाळा आणि एक कबड्डीची मॅच

"दुष्काळात कुणी बीडला फिरायला जातं का गं?" असं मला चौघींनी विचारलं. त्यातल्या दोघी माझ्या सख्ख्या नणंदा, म्हणजे मी जाणार हे तिथंच पक्कं झालं.

कारण साधं होतं. सुनंदा आणि मी पुण्याला कॉलेजात एकाच संघातून कबड्डी खेळलो. ती लग्न होऊन घाटनांदूरला गेली. तिचे यजमान अंगद सर तिथून जवळच्याच एका कॉलेजात कबड्डी शिकवतात. सुनंदाचा फोन आला, "सहकारी साखर कारखान्याच्या मैदानावर फायनल हाय. आमचा कृष्णा खेळायलाय. ये. फकस्त दोन बादल्या आंघोळीची सवय तिकडंच ठिवून ये."

पुण्याहून अंबाजोगाईला थेट एसटी मिळते. पहाटेची धरा, म्हणजे दुपारी उशिरा का होईना पोचता. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खिशाचं कारण सांगू नका. जामखेडला गाडी थांबते तेव्हा चहा घ्या आणि स्वच्छतागृहाचं काम उरकून घ्या. पुढं कधी थांबेल ते चालकाच्या मर्जीवर. मांजरसुंबा ओलांडलं की उघडे डोंगर सुरू होतात. शेतात कापसाच्या वाळल्या काड्या, आणि रस्त्यावर आमच्या गाडीच्या पुढं-मागं पाण्याचे टँकर. माझ्या शेजारच्या आजींनी माझी भरलेली बाटली बघितली आणि म्हणाल्या, "जपून पी बाई. उतरल्यावर कुणी दिलं तर न्हाई म्हणू नको, पण मागूबी नको." अख्ख्या प्रवासात यापेक्षा कामाचा सल्ला मला मिळाला नाही.

अंबाजोगाईला उतरून योगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि घाटनांदूरची काळी-पिवळी जीप पकडली. जीपमध्ये किती माणसं बसतात हा प्रश्न विचारायचा नसतो. मांडी घालायला जागा मिळाली तर देवीचे आभार मानायचे.

सुनंदाच्या घरी दार उघडलं ते एका उंच, सावळ्या पोरानं. मी आपली मिठी मारायच्या बेतात, "कृष्णा, केवढा झालास रे!"

"मी सोहेल," पोरगं लाजत म्हणालं. "कृष्णा सिरसाळ्याला असतो, आमच्या घरी."

ही भानगड मला रात्रीच्या जेवणात कळली. येसराची, म्हणजे भाजक्या पीठ-मसाल्याची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी असं फर्मास ताट होतं. सोहेलचे वडील शब्बीर सर, सिरसाळ्याकडच्या कॉलेजचे कबड्डीचे प्रशिक्षक. अंगद सरांचे जिगरी दोस्त. दोघांची पोरं कबड्डीत पटाईत, आणि दोघांच्या डोक्याला एकच ताप. बापानं पोराला संघात घेतलं की गाव म्हणायचं, सराचं पोरगं म्हणून घेतलं. नाही घेतलं तर पोराचं नुकसान.

"मंग या दोघांनी काय करावं?" सुनंदा भाकरी थापत म्हणाली. "पोरं बदलली! ह्याचं त्याच्या कॉलेजात, त्याचं ह्याच्या. लोक वासरं बदलतेत, ह्यांनी लेकरं बदलली. वर अन् नियम! पोराशी घरचं बोलायचं, कबड्डीचं एक अक्षर न्हाई. मैदानावर तर वळखबी दावायची न्हाई."

अंगद सर खाली मान घालून जेवत होते. एवढंच म्हणाले, "कावून उगं सांगायलीस? कुणाला बोलायला जागा ऱ्हायली न्हाई पाह्यजे."

खरा पेच वेगळाच होता. सहकारी कारखान्याचा स्वतःचा कबड्डी संघ आहे. त्यात निवड झाली की वसतिगृह, दोन वेळचं जेवण आणि पुढं कारखान्यात कामाची आशा. यंदा ऊसच नाही, गाळप लवकर बंद पडलं, म्हणून संघात नवीन पोरगा घ्यायचा तो एकच. फायनल होती अंगद सरांच्या आणि शब्बीर सरांच्या संघात, आणि त्या एका जागेसाठी नावं होती दोनच. कृष्णा आणि सोहेल.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं मला धपाट्यांचा डबा देऊन सिरसाळ्याला पिटाळलं. ती स्वतः गेली असती, पण मॅचच्या आधी तिनं तिकडं पाऊल टाकायचं नाही, हाही नवऱ्याचा नियम! घाटनांदूरहून परळी, आणि परळीहून सिरसाळ्याला दुसरी गाडी. परळीत वैद्यनाथाचं दर्शन होतं, ते चुकवू नका. सिरसाळ्याला बाजाराचा दिवस होता. पण जनावरं जास्त आणि गिऱ्हाईक कमी, ते बघून जीव कासावीस झाला.

शब्बीर सरांच्या घरी भाभींनी मला आधी पाण्याचा तांब्या दिला. गार, माठातलं, काठोकाठ भरलेलं. त्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा येतो हे मला नंतर समजलं. मी तो तांब्या गटागटा प्याले होते. भाभी म्हणाल्या, "मेहमान प्याला तर पाणी सरत न्हाई ताई." त्या माऊलीचे उपकार मी कशानं फेडू?

कृष्णा तालमीवरून आला. बापाचंच नाक, बापासारखाच अबोल. धपाटं हातात घेऊन म्हणाला, "मावशी, पप्पा माझ्या खेळाबद्दल काही म्हणतेत का?"

दोन दिवसांत त्या माणसानं पोराच्या खेळाबद्दल ब्र काढला नव्हता. मी म्हटलं, "गार होतील रे, खा आधी."

मॅचच्या दिवशी कारखान्यावर पोचलो. धुराडं थंड, वजनकाट्यावर एक कुत्रं झोपलेलं, पण मैदानाभोवती जत्रा! मातीतली कबड्डी म्हणजे मैदान ओलं हवं, नाहीतर गुडघे सोलून निघतात. पाणी आणायचं कुठून? वसतिगृहाच्या पोरांनी आठवडाभर आपलं आंघोळीचं पाणी पिंपात साठवलं होतं आणि सकाळी तेच शिंपडलं. अख्ख्या मैदानाला साबणाचा वास! इतकी सुगंधी कबड्डी मी जन्मात बघितली नाही.

मॅच शेवटपर्यंत बरोबरीत चालली. सोहेल चढाईतही तेज आणि पकडीतही. कृष्णा मात्र चढाईचा वाघ. शेवटची चढाई कृष्णाची आली, म्हणजे अंगद सरांच्या संघावर. माझ्या शेजारी सुनंदा पदर चावत बसलेली. नवऱ्याचा संघ इकडं, पोटचा गोळा तिकडं, ती बिचारी टाळी कुणासाठी वाजवणार?

कृष्णानं कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि वळला. तेवढ्यात सोहेल मागून जमिनीसरसा त्याच्या घोट्यावर झेपावला. आणि आमच्या बाजूच्या रेषेवरून आरोळी आली, "कृष्णाऽऽ, पाय!"

कृष्णानं पाय उचलला, मध्यरेषा ओलांडली, शिट्टी झाली. सिरसाळ्याकडचे जिंकले.

आरोळी अंगद सरांची होती. स्वतःच्या संघाविरुद्ध. त्यांच्या संघातली पोरं वळून त्यांच्याकडं बघत राहिली, आणि सोहेल मातीत तसाच पडून होता. अंगद सरांचं तोंड असं झालं, की वाटलं हा माणूस आता खाली बसतो.

बसले नाहीत. तडक नानांकडं गेले. नाना म्हणजे कारखान्याच्या संघाची निवड करणारे, पांढऱ्या टोपीतले जुने खेळाडू. "नाना, तो पॉइंट पोराचा न्हाई, माझ्या तोंडाचा हाय. जागा सोहेलला द्या."

तोवर मागून शब्बीर सर आलेच. "येडा झाला का बे अंगद? पाय त्यानं उचलला का तू? माझा गडी जिंकलाय नाना. कृष्णालाच घ्या."

"न्हाई, सोहेल!"

"कृष्णा, म्हणलं ना!"

दोन बाप एकमेकांच्या पोरासाठी गळ्याच्या शिरा ताणून भांडत होते. माणसं आधी हसली, मग पुढं सरकून ऐकू लागली.

नाना म्हणाले, "झालं का तुमचं? मी काय एक चढाई बघून गडी घेतो व्हय? सकाळपासून बघायलोय. मला चढाईबी पाह्यजे, पकडबी पाह्यजे. सोहेलला घेतलाय."

त्या संध्याकाळी कृष्णा घाटनांदूरला जेवायला आला. जीव मुठीत धरून आम्ही बायका स्वयंपाकघरात. अंगद सरांनी पहिला घास घेतलाच नाही. म्हणाले, "तुझं हुकलं बाळा. मी वरडलो नसतो अन् तू तुझ्या जिवावर सुटला असता, तर मला हक्कानं तुझ्या बाजूनं नानांशी बोलता आलं असतं."

कृष्णा म्हणाला, "सोहेल लई भारी हाय पप्पा. नानांनी बरोबर घेतला. मी वळखतो त्याला, वर्षभर ऐकायलोय शब्बीर सरांकडून." मग थांबून म्हणाला, "पर तुमी माझं नाव घेतलंत. एवढ्या माणसांत."

अंगद सर रडले. सुनंदा रडली. मी तर ढसाढसा रडले, पाहुणी असून.

येताना बसमध्ये मांडीवर सुनंदानं बांधलेल्या भाकऱ्या आणि भाभींनी पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की होती. कुणी विचारतं, बीडला बघण्यासारखं काय आहे? देवळं आहेत, डोंगर आहेत, जरूर बघा. शक्यतो दुष्काळात जाऊ नका, त्यांच्या पाण्यात आपला वाटा नको. मी गेले, आणि त्यांनी तो वाटा हसत दिला. घरी नळ सोडते तेव्हा त्या माणसांची आठवण येते आणि जीव भरून येतो.

काल सुनंदाचा फोन आला. सोहेल कारखान्यावर गेला, तेव्हा अदलाबदल संपली. अंगद सर स्वतः सिरसाळ्याला जाऊन कृष्णाला म्हणाले, "चल घरी. माझ्या संघात खेळ. लोक म्हणतील ते म्हणू दे." कृष्णानं चक्क नकार दिला.

"कावून रे?" सरांनी विचारलं.

"तुमच्या संघात आलो तर तुमी परत गप बसताल," तो म्हणाला. "मी समोरूनच खेळतो पप्पा. तुमी वरडा."