तिरोडीची पहिली पत्रिका आणि काचेवरची बाई

आमच्या घराण्यात आजवर तीन माणसं रुसलेल्या अवस्थेत वारली, आणि तिघांच्याही रुसण्याला मीच जबाबदार आहे असं मला मनापासून वाटतं. (त्यातले एक माझ्या जन्माआधी चार वर्षं गेले. तरीही वाटतं.)

चौथा माणूस मी मुलीच्या लग्नात जवळजवळ जमवलाच होता. त्याची ही कबुली.

हा चौथा माणूस म्हणजे आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला तिरोडीला; आम्हीही तिकडचेच, मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. तिथल्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी टाइमकीपरची नोकरी केली. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, हे लिहून ठेवणं हेच आयुष्यभराचं काम. भाऊजी निवृत्त झाले, सवय झाली नाही. घरी पाहुणा आला की ते आधी घड्याळाकडे बघतात आणि मग पाहुण्याकडे.

आमच्यात रीत अशी की लग्नपत्रिका देवापुढे ठेवली की माणसांतली पहिली पत्रिका थोरल्या जावयाची. तीही नुसती टेकवून यायची नाही. घरी जायचं, बसायचं, पत्रिकेला हळद-कुंकू लावायचं, हाती नारळ द्यायचा, मग तोंडाने निमंत्रण करायचं. माझ्या स्वतःच्या लग्नात मी ही पत्रिका बसच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवली होती. भाऊजी लग्नाला आले. पण जेवले नाहीत. तिरोडीहून डबा घेऊन आले होते! भर पंगतीत, माझ्यासमोर बसून, त्यांनी स्वतःच्या डब्यातली भेंडी खाल्ली. त्यानंतर मी भेंडीला हात लावलेला नाही.

या वेळी प्रकरण भेंडीवर भागणार नव्हतं. माझी मुलगी शुभांगी लहानपणी निम्मी तिरोडीतच वाढली. तिने आधीच जाहीर केलं होतं, "बाबा, पहली हळद आत्याच लावन. आत्या नाही आली तो मैं पाटावर बैठूंगीच नाही!" (आमच्या मुलांचं मराठी असंच अर्ध्या रस्त्यात गाडी बदलतं.) आणि भाऊजी रुसले की ताईचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे सगळ्या बालाघाटला ठाऊक आहे.

"ऐकून राह्यले ना?" माझी बायको सुनंदा म्हणाली. "काही झालं तरी पयली पत्रिका तिरोडीले. वाटेत देव जरी भेटला तरी त्याले म्हणायचं, वापस येताना देतो."

एवढं स्पष्ट सांगूनही गोंधळ झाला, तो त्या यंत्रामुळे. म्हणजे माझ्यामुळेच, पण यंत्राच्या मदतीने.

यंत्र मी त्याच आठवड्यात गाडीच्या काचेवर बसवलं होतं. अर्धं रस्ता दाखवणारं, अर्धं कॅमेरा. घेण्याचं कारण असं, की माझ्या उभ्या गाडीला एका स्कूटरवाल्याने मागून ठोकलं आणि माफी मी मागितली. त्याला चहासुद्धा पाजला. तेव्हा सुनंदा म्हणाली, "एखादा कॅमेरा लावा आता. पोलिसायसाठी नाई, तुमच्यासाठी. तुमाले तरी समजन का चूक कोनाची होती!"

सोबत आलेली पुस्तिका मी अर्धी वाचली. उरलेल्या अर्ध्यात काय होतं ते मला तिरोडीत कळलं.

निघण्याआधी मी यंत्रात तीन ठिकाणं भरली: पहिलं तिरोडी, मग परतीच्या वाटेवर कटंगीची मावशी, मग वारासिवनीचा चुलत भाऊ मधुकरदादा. यंत्राने क्षणभर विचार केला आणि क्रम उलटा केला. वारासिवनी, कटंगी, तिरोडी. वाटेत आधी काय लागतं एवढंच त्या बिचाऱ्याला कळत होतं. थोरला जावई म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? मी म्हटलं, दाखवू दे. आपण थांबलो नाही की झालं.

वैनगंगेचा पूल ओलांडला, तशी यंत्रातली बाई गोड आवाजात बोलू लागली. पुढे दोनशे मीटरवर डावीकडे, मग उजवीकडे. माझं निम्मं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं. वरून आदेश आला की पाळायचा, कारण विचारायचं नाही. मी वळत गेलो. आणि अचानक बाई म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं!"

मी करकचून ब्रेक लावला. समोर मधुकरदादाचं घर. आणि पायरीवर पेपर वाचत साक्षात मधुकरदादा!

"अरे विलास! शुभांगीची पत्रिका घेऊन आला का बे?"

"गाडी काढा," सुनंदा दातांतून म्हणाली.

"पाह्यलं ना आता त्यानं!"

"तं हात दाखवा अन् काढा!"

मी खिडकीतून हात दाखवला. दुर्दैवाने हातात पत्रिका होती. (पुढचा पत्ता वाचायला काढली होती.) आणि त्याहून मोठं दुर्दैव म्हणजे ती दादाचीच होती! दादाने पुढे येऊन ती घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "ये ना घरात, चहा घे."

"घाईत आहो दादा! येतोच!" असं ओरडून मी गाडी पळवली. कुंकू नाही, नारळ नाही. त्यांची पिशवी सुनंदाने डिकीत गाठ मारून ठेवली होती, आणि ती गाठ तिरोडीशिवाय सुटणार नव्हती.

"एकच झाली," मी कटंगीपर्यंत स्वतःला समजावत होतो. "एकानं काय होते?"

कटंगीला बाईने सर्वांत जवळचा रस्ता सांगितला. तो आठवडी बाजारातून जात होता. पुढे बैलगाडी, मागे टेम्पो, दोन्ही बाजूंना कांद्याचे ढीग, आणि बाई सारखी सांगतेय, "सीधे चलते रहें!" तेवढ्यात खिडकीतून एक डोकं आत आलं. सुनंदाची मावशी!

"कावो सुनंदे, न बोलता चालली? अन् हे काय?" समोर पत्रिकांचा गठ्ठा होता. मावशीने तो माझ्या अंगावरून हात घालून उचलला, नावं वाचली, आपली पत्रिका बाहेर ओढली. "हे पाय, माह्यंच नाव! घेऊन घेतो मी. तुमाले घरी यायचा त्रास काहून?" आणि पत्रिका पिशवीत वांग्यांवर ठेवून ती गर्दीत दिसेनाशी झाली.

आता दोन झाल्या. माझ्या डोळ्यांसमोर भेंडी नाचू लागली.

"खरं सांगून टाकतो भाऊजीले," मी म्हणालो.

"अन् शुभीची हळद कोन लावन? तुम्ही?" सुनंदा म्हणाली. "चुपचाप म्हणा, पयली तुमचीच. म्हणून दाखवा मले."

मग कटंगी ते तिरोडी या रस्त्यावर माझी तालीम झाली.

"भाऊजी, अजून कोनालेच देल्ली नाई. घरून निघालो तं सीधा तुमच्याच दारात."

"'कोनालेच' म्हणताना आवाज काहून कापते? अन् खाली नोका पाहू. डोळ्यात पाहा."

"कोनाच्या?"

"माह्या! मले भाऊजी समजा." आणि सुनंदाने मान ताठ केली, डोळे बारीक केले आणि भाऊजींचा हुबेहूब खर्ज लावला, "हं... विलासराव... किती वाजता निघाला?"

मला खरोखर घाम फुटला. सहा वेळा म्हणून घेतलं तिने. चौथी वेळ सर्वांत चांगली जमली होती.

तिरोडीत मी चौथी वेळच म्हटली. डोळ्यांत डोळे घालून. सुनंदाने गाठ सोडली, कुंकू लावलं, नारळ दिला. भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

"ऐकलं का," ते ताईला म्हणाले, "या माणसाले अक्कल आली. उशिरा आली, पण आली!"

ताईने पदर डोळ्यांना लावला. शिरा झाला. मी इथे थांबायला हवं होतं. कोणत्याही शहाण्या माणसाने शिरा खाऊन नमस्कार केला असता. पण भाऊजी गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "काचेवर हे काय लावलं बाप्पा?"

खोटं बोलल्याचं ओझं मनावर असलं की मी फार प्रेमळ होतो. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. म्हणालो, "भाऊजी, हे रस्ताही दाखवते अन् रस्त्याचं सारं रेकॉर्डिंगही ठेवते."

"असं? दाखव."

मी बटण दाबलं. रस्ता दिसला नाही. पडद्यावर माझं तोंड दिसलं! यंत्राला दोन डोळे असतात, एक रस्त्यावर आणि एक आपल्यावर, आणि शिवाय कानही असतो, हे पुस्तिकेच्या उरलेल्या अर्ध्यात होतं.

"अजून कोनालेच देल्ली नाई," पडद्यातला मी म्हणाला.

"'कोनालेच' म्हणताना आवाज काहून कापते?" पडद्यातली सुनंदा म्हणाली.

मी बंद करायला गेलो आणि घाबरून आवाज मोठा केला. तिरोडीच्या त्या शांत गल्लीत भाऊजींच्या आवाजात सुनंदा गरजली, "हं... विलासराव... किती वाजता निघाला?"

ताईने तोंडावर हात ठेवला. सुनंदा एकदम घरात पाणी प्यायला गेली. भाऊजी हलले नाहीत. तालीम सहाही वेळा ऐकली. मग म्हणाले, "विलासराव." (रागावले की ते मला विलासराव म्हणतात, एरवी नुसतं विलास.) "सुरुवातीपासून लावा."

"भाऊजी, माफ करा, मी पापी..."

"सुरुवातीपासून."

त्यांनी ताईकडून वही आणि पेन मागवलं आणि बघत बसले. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ आणि ठिकाण उमटत होतं. टाइमकीपरला निवृत्तीनंतर आणखी काय हवं? बालाघाट सोडलं आठ अठ्ठेचाळीस. वारासिवनी नऊ बावीस. कटंगीचा बाजार दहा सतरा ते दहा एकतीस. मी गाडीबाहेर उन्हात हात जोडून उभा. ताई मागे येऊन हळूच म्हणाली, "मी आली नाई तं शुभीले सांगजो, आत्यानं घरीच हळद कालवली होती म्हणून." मी हात आणखी घट्ट जोडले.

शेवटी भाऊजींनी वही मिटली.

"वारासिवनी," ते म्हणाले. "मधुकरले पत्रिका खिडकीतून गेली. तू गाडीतून उतरला का?"

"नाई."

"कुंकू?"

"नाई."

"नारळ?"

"नाई, भाऊजी."

"मंग ते निमंत्रण कोन म्हणन? ते तं वाटसराले कागद देल्ला! कटंगीले?"

"मावशीनं आपल्याच हातानं घेतली..."

"घेतली! देल्ली नाई. म्हणजे पत्रिका दोघाले गेली, पण निमंत्रण कोनालेच नाई." त्यांनी वहीवर पेन आपटलं. "रीतीप्रमाणे पयलं निमंत्रण अकरा वाजून पाच मिनिटं, तिरोडी. माह्यंच हाय!"

मी त्यांच्या पायांवर पडायला वाकलो आणि उघड्या दारावर डोकं आपटलं.

"उठ. आता त्या दोघाले रीतीनं निमंत्रण द्यायचं. आजच. मी संग येतो, तुह्यावर भरोसा नाई." मग त्यांनी घराकडे तोंड करून आवाज दिला, "सुनंदा! माह्या आवाज चांगला काढते तू! पण मी 'हं' दोनदा म्हणत असतो!"

परतीला भाऊजी पुढे, सुनंदा मागे, मांडीवर नारळांची पिशवी. कटंगीला मावशीकडे बसलो, कुंकू लावलं, नारळ दिला. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही, ती म्हणाली, "दोन नारळ असते तं चटणीले झालं असतं." पण वारासिवनीला मधुकरदादाने भुवया वर केल्या.

"सकाळी देऊन गेलता ना तू? आता दुसऱ्यांदा काहून?"

त्याचं तोंड उतरायला लागलं होतं. ते तोंड मी ओळखतो. आमच्या घराण्यात ते पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. सकाळचं ते निमंत्रण नव्हतं म्हणावं तर हा रुसणार, होतं म्हणावं तर भाऊजी. भाऊजी गाडीत बसून घड्याळ बघत होते. काचेवर रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लुकलुकत होता. सुनंदाने मला डोळ्यांनी खुणावलं, "सांभाळा!"

मी दादाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला समोरच्या हापशीपर्यंत चालवत नेलं. तिथून गाडीतलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे तिकडेही जात नसणार.

"दादा," मी त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "सकाळी तं नुसती छपाई दाखवाले आनलती. पयलं निमंत्रण तुलेच हाय. म्हणून तं तिरोडीवरून भाऊजीले संग घेऊन आलो!"

आवाज अजिबात कापला नाही. दादाने मला मिठी मारली.

हळदीला ताई आली. पहिलं बोट तिनेच लावलं, आणि शुभांगीने रडून निम्मी हळद धुऊन काढली. पंगतीत भाऊजी आणि दादा शेजारी बसले, दोघंही पहिल्या मानाचे, दोघंही पोटभर जेवले. एकमेकांना कोण काय सांगतंय या भीतीने मीच उपाशी राहिलो.

या सगळ्यातून मी काहीच शिकलो नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पूर्वी मी गाडीत बसून खोटं बोलायचो. आता खाली उतरून बोलतो.