काचेवरची काळी बाई

कळंबच्या प्रयागबाईची चाळिशी उलटली, तरी आपली आई दिसायला कशी होती हे तिला ठाऊक नव्हतं. ती रांगत होती तेव्हाच आई गेली. मावशी, साखरबाई, तेवढं सांगायची, "तुझी आई काळी हुती, पन चारचौघीत उठून दिसायची." चोपन्न साली मावशीही गेली. मेली माणसं जाताना सगळंच बरोबर घेऊन जातात!

जायच्या आधी मावशीनं एक गोष्ट मात्र सांगून ठेवली. आई इंदापुरात एका सरदारांच्या घरी कामाला होती. तिथल्या बाईसाहेबांना फोटोची भारी हौस. जरीचा शालू, फुगीर बाह्यांचं लेस लावलेलं पोलकं, खांद्यावर ब्रोच, पायांत मोजे नि बूट. त्या काळची ऐट ती! पण बाईसाहेबांना ताटकळत बसवायची कुणाची छाती? म्हणून फोटोवाला आधी तेच कपडे आईला घालायला लावी, खुर्चीत बसवून उजेड जमवी आणि एक काच तिच्यावर खर्ची घाली; तेव्हा फोटो आधी काचेवर उतरत. मग बाईसाहेब बसत.

फोटोवाला मेल्यावर त्याच्या काचा भंगारात गेल्या आणि तिथून तसबिरी करणाऱ्या सोनबाकडे आल्या. हे कळलं तशी प्रयागबाई खुरपं टाकून इंदापूरला धावली. सोनबा काचा घंगाळातल्या गरम सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यांवरची चित्रं घासून काढत होता. मोरगावच्या जत्रेसाठी त्याला गणपतीच्या तसबिरी द्यायच्या होत्या.

"दादा, थांबा वो! माजी आई हाय त्यात!"

उरलेल्या काचा तिनं एकेक करून उन्हाकडे धरल्या. देवळं, घोडे, टोपीवाले साहेब. शेवटी दोन काचा सापडल्या. तीच खुर्ची, तेच पोलकं, तोच ब्रोच, पण बाया दोन. एकीचं तोंड कोळशासारखं, दुसरीचं फिकट.

"हीच माजी आई!" काळ्या तोंडाची काच तिनं छातीशी धरली. "पन क्यास पांढरं कसं?"

"जुनी काच हाय, विटली आसंल," सोनबा म्हणाला. त्याला मतलब काचेशी. "येक न्या, आक्का. दुसरी न्हाय सोडायचा. काच मिळंना झालीया."

"ती गोरी बया मला कशाला?"

आई गवसली, या आनंदात उपकार फेडायला ती घंगाळापाशी बसली आणि ती दुसरी काच तिनंच काथ्यानं घासून लख्ख केली.

बारामतीच्या फोटोवाल्यानं काचेवरून फोटो काढून हातात दिला, तर खुर्चीत गोऱ्यापान बाईसाहेब!

"ही न्हवं! माजी आई काळी हुती!"

"आक्का, काचेवर सगळं उलटं दिसतं," तो म्हणाला. "गोरं माणूस काळं, काळं माणूस पांढरं. केस पांढरे दिसले ना, ते त्याचमुळं. दुसरी काच आणा, लगेच काढून देतो."

बोल तरी कुणाला लावायचा? शिकलेल्यांनाही हे माहीत नसतं, तर रानात राबणाऱ्या बाईनं ते कुठून जाणावं? ऊर फुटेस्तोवर प्रयागबाई रडली.

फोटो तिनं परत केला नाही. बाईसाहेबांच्या चेहऱ्यावर अंगठा दाबून धरला आणि खालचं पोलकं, ब्रोच, शालूचा काठ बघत राहिली.

"येवढं समदं आईच्या अंगावर हुतं," ती म्हणाली, "आन त्वांड तेवढं म्या पुसलं."