देवगडच्या सूर्योदयाआधीचा हॅलिबट

आमच्या शेजारच्या वनिताबाई ज्याच्याशी भांडल्या नाहीत, असा प्राणी अल्बनीत अजून जन्मायचाय. वाऱ्याशी भांडतात, कारण तो दोरीवरच्या साड्या माझ्या अंगणात टाकतो. टुई पक्ष्याशी भांडतात, कारण तो पहाटेच घसा खाकरतो. माझ्याशी तर कुंपणावरून रोजचंच. मी त्यांना काकू म्हणतो हा माझा पहिला गुन्हा. मी बावन्न, त्या एकाहत्तर, पण त्यांच्या मते आम्ही साधारण एकाच वयाचे आहोत.

नवरा गेल्यावर मुलाने, रणजितने, त्यांना देवगडहून इकडे, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला आणलं. तेव्हापासून साडी, वर मुलाचा जुना हुडी आणि पायात जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, असा अवतार. या जगात बाईंचं पटतं ते फक्त माशांशी, तेही मेलेल्या.

सप्टेंबरात त्यांच्या विहीणबाई आल्या, म्हणजे सून गार्गीची आई. राजश्रीबाई, मुक्काम ठाणे. थोरली लेक कॅनडात, त्यामुळे दर दुसऱ्या वाक्यात "आमच्या व्हँकुव्हरला". एका ओट्यावर दोघी माशांच्या जाणकार! आठवड्याभरात मिसळणाच्या डब्याने तीनदा जागा बदलली. दोघी एकमेकींशी 'अहो-जाहो'त बोलायच्या, आणि त्या 'अहो'त 'अगं'पेक्षा जास्त विष असायचं.

शेवटी रणजित वैतागला. आईला म्हणाला, "ऑक्टोबरात लेबर डेच्या सुट्टीला सगळे घरी आहोत. गार्गी हॅलिबट मासा आणतेय, तिच्या मम्मींना आवडतो म्हणून. त्या जेवणात भांडण झालं, तर तू राघवकडे. कायमची."

राघव धाकटा मुलगा, इथून दूर रिकार्टनला असतो. त्याची बायको मुग्धा घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही. वनिताबाईंना ही शिक्षा नव्हती, हद्दपारी होती. मी कुंपणावरून म्हटलं, "काकू, तिकडे तुमच्यासाठी सोयाबीनचा बांगडा करतील हो."

"शिरा पडो तुझ्या तोंडार, चारुदत्ता," त्या म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. बाई घाबरल्या होत्या.

लेबर डेच्या सकाळी मी टोमॅटोची रोपं द्यायच्या निमित्ताने गेलो आणि बसून राहिलो. ओट्यावर हॅलिबटचे तुकडे. परदेशातून बर्फात आलेले, पाटाएवढे जाड, पांढरेफटक. इतक्यात राजश्रीबाई आल्या, तुकडे पाहिले आणि गळ्यातल्या रुद्राक्षाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, आज सोमवार ना? सोमवारी मी मासे खात नाही."

गार्गीचा चेहरा पडला. "मम्मी, लेबर डे सोमवारीच असतो! सांगायचं ना आधी!"

"मला काय माहीत? इथे सगळंच उलटं. वसंतसुद्धा ऑक्टोबरात."

रणजितने आईकडे पाहिलं. अजून आई एक अक्षरही बोलली नव्हती, तरी त्याने पाहिलं. वनिताबाई हात पुसत शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, आपल्यात वार कधी बदलतो?"

"सूर्य उगवल्यावर."

"आत्ता तिकडे देवगडात पहाटेचे साडेतीन. सूर्य उगवलाय?"

"मी इथे बसलेय की तिकडे?"

"परवाची संकष्टी कुठला चंद्र बघून सोडलीत? बहिणीला ठाण्याला फोन लावून वेळ विचारलीत. हा चारुदत्त साक्षीला आहे."

मी लगेच मान डोलावली. असली साक्ष मी फुकट देतो. राजश्रीबाई लालबुंद झाल्या. चंद्र ठाण्याचा आणि सूर्य अल्बनीचा, असं काही त्यांना म्हणता येईना. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या देवगडात सूर्य उगवायच्या आत ताट वाढा. म्हणजे इथल्या दोनच्या आत. नंतर मी घासाला शिवणार नाही."

वनिताबाईंनी तुकड्यांना हळद, मीठ, मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ चोळलं, रव्यात घोळवलं आणि तव्यावर सोडलं. राजश्रीबाई मागे स्टूल टाकून बसल्या आणि समालोचन सुरू झालं.

"एवढा मसाला? आमच्या व्हँकुव्हरला नुसतं बटर, लिंबू आणि ओव्हन. मासा ओळखू येतो."

चर्र.

"हॅलिबट नाजूक असतो हो. तुमच्याकडे सगळं सुरमईसारखंच भाजत असतील."

चर्र. वनिताबाई कालथ्याने तुकडे दाबत होत्या, तोंड मात्र शिवल्यासारखं मिटलेलं. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. मला काळजीच वाटली, खरंच.

दीडच्या सुमारास त्यांनी एक तुकडा फोडला. वरून खमंग, आत कच्चा. देवगडात तुकडी बोटभर जाडीची कापतात, बाईंचा अंदाज तोच. आणखी भाजावं तर रवा जळणार.

कालथा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा तो ओव्हन लावाल का?"

राजश्रीबाई सम्राज्ञीसारख्या उठल्या. आत न बघताच त्यांनी ओव्हन दणक्यात तापायला लावला. आता मराठी घरातला ओव्हन म्हणजे काय असतो? कढया, चकलीचा सोऱ्या आणि प्लास्टिकचे डबे ठेवायचं कपाट! पाच मिनिटांत वास सुटला, धूर झाला, अलार्म कोकलायला लागला. छोटी नात सानिका ओरडली, "डॅड, द अव्हन्स मेल्टिंग!"

"ओव्हनमध्ये डबे कोण ठेवतं?" राजश्रीबाई खोकत कडाडल्या. "गावंढळपणा नुसता!"

वनिताबाईंनी खिडकी उघडली. पदराने धूर बाहेर हाकलला.

जाळी खरवडून मासा भाजून होईपर्यंत दोन वाजून गेले. ताटं वाढली. राजश्रीबाईंनी मोबाइल पाहिला आणि ताट दोन बोटांनी पुढे सारलं. "देवगडात उजाडलं. सोमवार लागला. जेवा तुम्ही."

सगळ्यांचे डोळे वनिताबाईंकडे. त्यांनी भाताचा एवढा मोठा घास तोंडात कोंबला की बोलायची सोयच उरली नाही.

सानिका म्हणाली, "ठाणे-आजी, दॅट्स सो मीन."

आणि गार्गी फुटली. "मम्मी, सकाळपासून टोमणे मारतेयस! अर्ध्या गावात शोधून तुझ्यासाठी मासा आणला. डबे तू जाळलेस आणि गावंढळ त्या?"

"म्हणजे सासूपुढे आईला बोलणार तू?"

"बोलणार!"

"मग मला तिकीट काढून दे व्हँकुव्हरचं!" खुर्ची मागे ढकलून राजश्रीबाई खोलीत गेल्या. दार आपटलं.

रणजित हळूच म्हणाला, "मी म्हटलं होतं, भांडण झालं तर…"

"आईंनी तोंड उघडलं का?" गार्गी त्याच्यावर वळली. "त्या कुठेही जात नाहीत. मी त्यांना ठेवून घेतेय."

झालं, मी म्हटलं, सुटल्या बाई. पण घास गिळून झाला होता.

"तू ठेवून घेणारी कोण गं?" वनिताबाई कडाडल्या. "मी काय पेइंग गेस्ट आहे? मुलाच्या घरात राहते मी!"

रणजितने कपाळावर हात मारला. गार्गीचा जबडा आवळला.  आता रिकार्टन, असं मी मनात म्हटलं, आणि खरं सांगतो, मला ते नको होतं. कुंपणावर मग मी कोणाशी भांडू?

"जेवा, आई," गार्गी दातओठ खात म्हणाली. "गार होतंय. आणि राहा इथेच, पण उद्यापासून ओव्हनमध्ये डबा दिसला तर बघा."

"बघेन की," वनिताबाई म्हणाल्या आणि हॅलिबटचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. "अळणी आहे मेला."

मग हात लांब करून त्यांनी राजश्रीबाईंचं ताट स्वतःकडे ओढलं.