फोनवरचं ‘हूं’

लिहिताना माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात, आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्याला मी तरी काय करू? हे कधी लेकीच्या हाती लागलंच तर तिनं खुशाल हसावं, पण शेवटपर्यंत वाचावं. तोंडानं सांगायला मला जमत नाही.

आमचे हे ट्रक चालवतात. शाहूपुरीच्या बाजारातून गूळ भरून गुजरातला जातात आणि येताना मिळेल तो माल आणतात. गाडी स्वतःची घेतली तेव्हा सुरुवातीची रक्कम माझ्या धाकट्या भावानं दिली. त्याचं जयसिंगपूरला पाइपांचं दुकान आहे. “दिवाळीपतोर सगळं फेडतो,” असं हे त्याला बोलून बसले. मग काय, एक खेप उतरली की लगेच दुसरी. घरी आले तरी अंघोळ करायची, भाकरी खायची आणि परत गाडीवर.

दुपारी ढाब्यावर जेवले की यांना झोप यायची. म्हणून कानात वायर घालून मला फोन करायचे. “तू बोलत ऱ्हा, म्हंजे माझा डोळा लागत न्हाय.”

मी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई. पण रोज बोलायला लागले. भाजी काय केली, नळाला पाणी कधी आलं, शेजारणीच्या म्हशीनं लाथ कशी मारली. पलीकडून हे “हूं, हूं” करायचे. माझ्या बोलण्यावर गाडी चाललीय असं वाटून मला थोडा अभिमानही वाटायचा.

एका दुपारी मी विचारलं, “कुठवर आलासा?”

“हूं.”

“अवो, गाव कुठलं म्हणते मी?”

“हूं.”

हे ऐकतायत का ते बघावं म्हणून मी म्हटलं, “शेजारची म्हस उडून गेली.”

“हूं.”

मग मी जन्मात ओरडले नव्हते तेवढी ओरडले. “गाडी बाजूला घ्या! आदी गाडी बाजूला घ्या!”

बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

“कुठली म्हस?” यांनी विचारलं.

टोलनाका कधी मागं गेला ते यांना आठवत नव्हतं. डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो, हे मला त्या दिवशी कळलं. बोलून झोप जात नाही, तिला झोपच द्यावी लागते. पण दिवाळीचा शब्द डोक्यावर असताना हे झोपणार कसे?

यांना न सांगता मी एस.टी.नं जयसिंगपूरला गेले. भावाला म्हटलं, “दिवाळीला तुझं पैसं मिळायचं न्हाईत. गाडी रोज पळणार न्हाय.”

“दाजींनी पाठवलं व्हय तुला?”

“त्यास्नी ठावंच न्हाय.”

“अक्का, एवढं बोललीस! एस.टी.त पाठ करत आलीस काय?”

“व्हय.” खरंच पाठ करत आले होते.

तो हसला. मी त्याला म्हशीचं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “पैसं कुठं पळून जात्यात? दाजींला म्हणावं, झोपा की.”

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. माहेरी जाऊन अब्रू घालवली म्हणून हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा मागितला. भातानं झोप येते, म्हणून तेव्हापासून डब्यात भात कमी असतो. जेवल्यावर पंपावर गाडी लावून, चाकाला दगड देऊन हे झोपतात. उठून टायर बघतात, चहा घेतात आणि निघतात. चालत्या गाडीत फोन नाही. गाडी थांबली की मिस कॉल येतो, तेवढ्यावर मी निश्चिंत असते.

ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. या उन्हाळ्यात आम्ही दोघं जयसिंगपूरला गेलो आणि यांनी उरलेली सगळी रक्कम भावाच्या हातात दिली.

भावानं ती गल्ल्यात टाकली आणि मला विचारलं, “अक्का, ती म्हस उतरली का न्हाय खाली?”

हेच माझ्या आधी हसले. त्या हसण्यात भावाचे सगळे पैसे फिटले.