ताडपत्रीची आतली बाजू

मला चर्चच्या पाळकसाहेबांनी फसवलं. माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन फसवलं. हे आधी सांगून टाकतो, मग प्रवास.

राधानगरीच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्याची (धनगरांची डोंगरातली वस्ती) छपरं वादळानं उडाली. तीन-चार देशांतल्या चर्चच्या मदतसंस्थांनी एकत्र काम करायचं ठरवलं. पाण्याचे फिल्टर जर्मनीच्या चर्चचे, ते बसवायला इंजिनिअर केनियाच्या चर्चचा, तांदूळ आमच्या कोल्हापूरच्या चर्चचा आणि ताडपत्री माझी. हातगाडीवर ताडपत्री विकत विकत मंगळवार पेठेत दुकान उभं केलेला माणूस आहे मी. भाव उतरवला, पण अट घातली: प्रत्येक ताडपत्रीवर माझं नाव आणि फोन नंबर, हातभर अक्षरांत.

"छापा की!" पाळकसाहेब म्हणाले. इतके गोड हसले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पहिली गाडी गेली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टेम्पोबरोबर मीही निघालो. अख्ख्या डोंगरावर आपलं नाव बघायचं होतं. सणाचा सदरा घातला होता. शेजारी पाळकसाहेब, खिडकीशी केनियाचे ओटिएनोसाहेब. वाटेत मिसळ खाल्ली. ओटिएनोंनी कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) दोनदा मागून घेतला, डोळे पुसले आणि हॉटेलवाल्याला मिठीच मारली.

उसाची शेतं संपली, झाडी दाटली आणि चढावर टेम्पो चिखलात रुतला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ओटिएनोंनी त्यांच्या भाषेत गाणं धरलं, मी शिव्या घातल्या. तिघांनी एकदम रेटा दिला. टेम्पो सुटला आणि मी सदऱ्यासकट चिखलात बसलो. ओटिएनो हसत काहीतरी बोलले.

"काय म्हणतोय हा?"

"सगळ्यांनी मिळून काम करायचं ते असं, म्हणतोय," पाळकसाहेबांनी मराठी करून सांगितलं.

वळण संपलं आणि वस्ती दिसली. हिरव्या उतारावर निळी छपरंच छपरं! छाती फुगली. मग नीट बघितलं. एकाही छपरावर एक अक्षर नव्हतं.

"माझं नाव कुठं गेलं?" मी ओरडलो. कुत्री भुंकायला लागली.

"आतल्या बाजूला आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आमच्या सगळ्या संस्थांचा हाच रिवाज. घरावर देणाऱ्याचं नाव दिसायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं मदतीवरचं घर म्हणून बोट दाखवू नये."

"सौद्यात हे नव्हतं!"

"छापायचं ठरलं होतं, ते छापलं. बाजू कुठं ठरली होती?"

आयुष्यभर घासाघीस केली आणि बाजू ठरवायची राहिली! मी तोंड उघडणार, तेवढ्यात एका झोपडीतून म्हातारी वाकून बाहेर आली.

"कोन वरडतंय? पावणं, आत या की. च्या ठेवलाय."

वाकून आत गेलो आणि मान वर केली. उन्हानं सगळं घर निळं झालं होतं आणि डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मीच: दत्ता खोत, ताडपत्रीवाले.

"म्हंजे तुमीच व्हय खोत?" म्हातारीनं मला चिखलासकट न्याहाळलं. "नात रोज झोपताना तुमचं नाव वाचती. दत्तामामा कवा येनार, म्हनून डोस्कं खाती की माझं."

आता बाकीच्या ताडपत्र्यांवर छपाई नीट उठली आहे का, हे बघायला नको? बघायचं तर आत जायला हवं, आणि आत गेलं की चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. म्हशीचं घट्ट दूध, वर मूठभर साखर. एका घरी भाकरी आणि खर्डा (ठेचलेली मिरची), दुसऱ्या घरी दही. शेवटच्या झोपडीच्या दारात भरल्या पोटी मला वाकता येईना. ओटिएनोंनी मागून ढकलून आत घातलं. सगळी वस्ती खिदळत होती. मीही हसलो, नाकारत नाही.

परतताना टेम्पोत पाळकसाहेब खिडकीकडे तोंड करून हसत होते, खांदे हलताना दिसत होते. कोल्हापुरात रंकाळा तलावापाशी फोन वाजला. म्हातारीच होती.

"दत्तामामा, पोचलासा का? वाऱ्यानं ताडपत्रीचा कोपरा सुटलाय. रविवारी या बांधायला. कोंबडं कापतो."

म्हणजे नाव जगाला दिसलंच नाही, आणि वर घरोघर मामा होऊन बसलो. असं होणार हे पाळकसाहेबांना दुकानात हसतानाच ठाऊक होतं का? याचं उत्तर त्यांनी मला पेठेतल्या चार लोकांसमोर, दुकानात येऊन द्यावं. कधीही या. रविवारी मात्र नको. रविवारी मी वस्तीवर आहे.